आख्यान ठरलंय, वाक्यं नाहीत

देवळाच्या मागच्या खोलीत एकच ट्यूबलाइट होती. तिच्या उजेडात सात-आठ पुरुष भिंतीला पाठ लावून, आरसा गुडघ्याला टेकवून रंगायला बसले होते. कोणाचा सफेदा लावून झाला होता, कोणी भुवया काढत होता, एक जण निऱ्या दातांत धरून सेफ्टी पिन शोधत होता. बाहेर पालखीची शेवटची फेरी चालू होती. गाव कुडाळ तालुक्यातलं. त्रिपुरारी पौर्णिमा उलटली की सिंधुदुर्गात आज या गावची, उद्या त्या गावची अशा जत्रांची रांग लागते आणि जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतारी नाटक होतं. साडेबारा वाजून गेले होते. दीडच्या सुमाराला नाटक उभं राहायचं होतं आणि त्यात काय घडणार हे नटांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

मग कंपनीचे मालक दारात आले आणि उभ्याउभ्या सांगू लागले. एक राजा. त्याच्या दोन राण्या. धाकटीवर थोरलीचा दात. धाकटी शेजारच्या राजाची मुलगी, तिला लग्नाआधी एका राक्षसानं मागणी घातली होती. ती नाकारली, तो राग त्याच्या मनात. थोरली त्या राक्षसाला फितवते. राजा धाकटीला वनात धाडतो. वनात ऋषी, मुलाचा जन्म, मुलगा मोठा, बापलेकाचं युद्ध, ओळख. "राक्षसाक आज तू. तो काय येवचो नाय, गाडी बंद पडली हा तेची," असं म्हणत त्यांनी प्रधान रंगवत बसलेल्या एका तरुणाकडे बोट केलं. त्यानं हातातला आरसा खाली ठेवला, अर्धा रंगलेला प्रधान पुसला आणि राक्षस रंगवायला घेतला. "मगे प्रधान कोण?" "प्रधान नायच आज. राजा एकटोच बोलात." दहा मिनिटांत तीन तासांचं नाटक सांगून झालं. कोणी काही लिहून घेतलं नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'बदल' हा विषय दिला तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कृत्रिम बुद्धिमत्ता, नोकऱ्या, हवामान असं काहीसं असावं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला कुतूहल होतं ते पुढचं वाक्य काय येणार हे ठाऊक नसताना रोज रात्री उजेडात उभं राहणाऱ्यांचं. त्यांना जे येतं ते आपल्याला शिकता येतं का? आणि ते शिकवतो म्हणणाऱ्यांच्या दाव्यात कितपत दम आहे?

नागकन्येची भानगड

आधी आडदशावतार झाला. गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, सरस्वती आली, ब्रह्मदेवाचे वेद संकासुरानं पळवले. काळ्या वेषातला हा संकासुर मालवणीत बोलतो आणि कोणालाच सोडत नाही. त्या रात्री त्यानं सरपंचांपासून मोबाइलच्या टॉवरपर्यंत सगळ्यांची हजेरी घेतली. देवस्थान कमिटीतले एक गृहस्थ खुर्चीत डुलक्या घेत होते. त्यांनाच त्यानं वेद कुठे लपवू म्हणून विचारलं. मग विष्णूनं त्याचा वध केला आणि आख्यान लागलं.

रंगमंच म्हणजे मागे एक पडदा आणि मध्ये कापड घातलेलं बाकडं. बाकडं हेच सिंहासन, तेच वनातला दगड. एका बाजूला पेटी, मृदुंग आणि झांज. राजपार्टी करणारे नट पंचावन्नच्या पुढचे, आवाज खणखणीत. धाकटीशी पहिला प्रवेश रंगात आला असताना, तिच्या रूपाचं वर्णन करताकरता ते बोलून गेले, "पाताळ सोडून या भूलोकी आलेली तू नागकन्या!"

मी आत ऐकलेलं आख्यान आठवलं. शेजारच्या राजाची मुलगी नागकन्या कशी झाली?

स्त्रीपार्टी करणारा नट अगदी पापणी लवण्याइतका थांबला. मग त्यानं पदर सावरला आणि म्हणाला, "म्हणूनच, नाथ, थोरल्या ताईंच्या दृष्टीत मला विष दिसतं तेव्हा नवल वाटत नाही. विष मी ओळखते." प्रेक्षकांतून "वा!" आलं. पेटीवरच्या बुवांनी डोळे न उचलता पुंगीसारखी एक सुरावट सोडली. थोरलीनं पुढच्याच प्रवेशात 'ती नागीण' म्हणून सवतीचा उद्धार केला. इथपर्यंत ठीक. पण राक्षसाचं काय? त्याचा राग होता तो शेजारच्या राज्यातल्या नाकारलेल्या मागणीचा, आणि ते राज्य तर आता उरलंच नव्हतं.

पडद्यामागे गेलो तेव्हा झांज वाजवणाऱ्या पोराला कोणीतरी बदली देऊन आत पाठवलं होतं. तो रंगपटात सांगत होता, "राणी नागकन्या झाली. राजान केल्यान." राक्षसानं मान डोलावली. ऋषी करणाऱ्या म्हाताऱ्या नटानं विडी विझवली आणि दोनच प्रश्न विचारले: तिच्या बापाचं नाव पडलंय का, आणि मुलाचं काही बोलणं झालंय का. दोन्हींना उत्तर 'नाय'. "बरा आसा," म्हणाले.

राक्षस रंगमंचावर गेला तो स्वतःला गरुडाच्या कुळातला म्हणवत. नाग आणि गरुड यांचं पिढीजात वैर, कद्रू आणि विनतेपासूनचं. मागणी नाकारल्याच्या रागापेक्षा हे कारण कितीतरी भक्कम निघालं. पुढे ऋषींनी मुलाच्या कपाळावर नागाची खूण असल्याचं सांगितलं आणि शेवटी बापलेकाची ओळख त्याच खुणेवर पटली. पहाटे दहीकाला फुटेपर्यंत, ठरलेल्या आख्यानाहून बरं आख्यान उभं राहिलं होतं आणि समोर कांबळी पांघरून बसलेल्यांपैकी कोणालाही त्यात काही चुकल्याचा पत्ता नव्हता.

सकाळी टेम्पोत सामान चढत असताना मी राजांना छेडलं. ते हसले. "बोलता बोलता गेला तोंडातसून. चूक झाली असा म्हणूचाच नाय. आणि दुसऱ्यान सांभाळून घेतल्यान तर तेका मागसून चाय पाजूची." स्त्रीपार्टी करणारा शेजारीच तोंडाचा रंग खोबरेल तेलानं उतरवत होता. तो म्हणाला, "आमी बोलूक शिकलव ता मागसून. आधी आयकूक शिकलव."

पोतडीत काय असतं

असं काही पाहिलं की शहरी माणसाला वाटतं, हे सगळं अंगभूत, जन्मजात, मातीतून आलेलं वगैरे. मला ते पटत नाही. या नटांचं बोलणं उत्स्फूर्त असतं, पण त्यामागची तयारी आपल्या डोळ्यांसमोर नसते इतकंच. नवा पोरगा कंपनीत आला की आधी बारकी सोंगं करतो. दूत, सखी, बालकृष्ण. एरवी पडद्याआड बसून ऐकतो. हंगामात जवळजवळ रोज रात्री एक नाटक, म्हणजे काही वर्षांत त्याच्या कानावरून शेकडो राजे, राण्या आणि ऋषी गेलेले असतात. श्रीधरांचे 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत' आणि शिवाय 'नवनाथ भक्तिसार' हे ग्रंथ जुन्या नटांच्या बोलण्यात पदोपदी येतात. राजा कसा बोलतो, ऋषी शाप देण्याआधी किती वेळ घेतो, युद्धात कोणत्या ठेक्यावर कोणी कुठल्या बाजूनं यायचं, हे सगळं बांधलेलं असतं. गरुड आणि नागाचं वैर त्या तरुण राक्षसाला त्या क्षणी सुचलं खरं, पण ते सुचायला आधी डोक्यात असावं लागतं.

लिखित संहितेची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ती मराठी रंगभूमीवर उशिरा आली हे विसरायला होतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा पदं लिहिलेली होती, ती सूत्रधार गायचा. पात्रांचं गद्य बोलणं बरंचसं त्यांच्यावर सोडलेलं असे. सगळी वाक्यं आधीच लिहून ठेवणारी 'बुकिश' नाटकं रुळली ती १८६१ च्या कीर्तन्यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' नंतर. तमाशातली बतावणी कधी कागदावर बसलीच नाही. वसंत सबनीसांनी 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलं खरं, पण दादा कोंडके ते दर प्रयोगाला त्या दिवशीच्या वर्तमानपत्रासकट नव्यानं उभं करत.

दशावतारातही पुष्कळ बदललं आहे. पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जाणं कधीच संपलं. आता 'ट्रिकसीनयुक्त' नाटकांच्या जाहिराती लागतात, रंगमंचावर धूर निघतो, प्रयोग यूट्यूबवर जातात, आणि वेगवेगळ्या कंपन्यांतले नावाजलेले नट एका रात्रीपुरते एकत्र आणून 'संयुक्त दशावतार' होतो. कधी एकत्र न खेळलेले नट आयत्या वेळी कसे जुळतात हे पाहायचं तर संयुक्त दशावतारच पाहावा. जमला तर जुगलबंदी होते आणि नाही जमला तर दोन राजे एकमेकांचं न ऐकता तासभर भाषणं ठोकतात. गर्दी दोन्हीला सारखीच असते म्हणा.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा जत्रांचा हंगाम अजून संपलेला नव्हता. ठरलेल्या नाइटी गेल्या, आणि पुढच्या हंगामाचंही काही खरं राहिलं नाही. रंगमंचावरचं कसब तेव्हा उपयोगी पडलं का, असं मी राक्षस झालेल्या तरुणाला विचारलं. मला होकाराची अपेक्षा होती. तो म्हणाला, नाही. उपयोगी पडली ती मेव्हण्याची होडी, आणि मालकांनी पुढच्या हंगामाच्या नावावर दिलेली उचल. थोडा विचार करून त्यानं पुस्ती जोडली: पहिल्यांदा मासे विकायला बसला तेव्हा लाज वाटली, मग ते एक सोंग समजून केलं. "तोंडाक रंग नाय इतक्याच."

मेव्हणा, मालक, आणि मग सोंग. त्यानं सांगितलेला हा क्रम पुढे पुण्यात मला फार उपयोगी पडला.

शिकागोतली पोरं

आज जगभर कंपन्यांतून, दवाखान्यांतून, शाळांतून 'इम्प्रोव्ह' या नावानं जे शिकवलं जातं त्याचं मूळ एका वस्तीत आहे. १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी शिकागोच्या हॉल्स्टेड स्ट्रीटवर 'हल हाऊस' सुरू केलं. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, रशियातून आलेले ज्यू अशी नुकतीच बोटीतून उतरलेली कुटुंबं. आईबापांना इंग्रजी येत नाही, पोरं दोन भाषांच्या मध्ये अडकलेली, शेजारच्या पोराची तिसरीच. बदल म्हणतात तो याहून मोठा काय असायचा! गाव, भाषा, काम, हवा, सगळं एका पिढीत पालटलेलं.

तिथे नीव्हा बॉइड नावाच्या बाई खेळ शिकवत आणि खेळ कसे घ्यावेत हेही शिकवत. खेळाकडे त्या गंभीरपणे पाहत. पोराला 'नीट वाग' म्हणून सांगण्याऐवजी त्याला खेळात घ्या; खेळाचा नियम तोडला तर खेळच मोडतो, म्हणून पोर आपणहून तो पाळतं आणि पाळता पाळता दुसऱ्याकडे बघायला शिकतं. १९२० च्या दशकात त्यांच्या हाताखाली व्हायोला स्पोलिन शिकल्या. १९०६ मधला जन्म, आईवडील रशियातून आलेले ज्यू. पुढे महामंदीच्या काळात सरकारनं काढलेल्या रोजगार योजनेतून त्या शिकागोत वस्तीतल्या मुलांची आणि मोठ्यांची नाटकं बसवत होत्या. भाषेची अडचण, अनुभव शून्य. त्यांनी नाटकातली एकेक अडचण उचलून तिचा खेळ केला. आवाज पोचत नाही? मग दोघांनी खोलीच्या दोन टोकांना उभं राहून एकमेकांना गुपित सांगायचं. समोरच्याकडे लक्ष नाही? मग समोरासमोर उभं राहून एकानं दुसऱ्याचा आरसा व्हायचं. भाषा आडवी येते? मग अर्थहीन बडबडीतच माल विकून दाखवायचा.

१९६३ साली त्यांचं पुस्तक आलं, त्यात त्या एका गोष्टीवर वारंवार येतात. माणूस गोठतो तो शाबासकी आणि नापसंती यांच्या धाकानं. त्याला त्या क्षणी करायला एक नेमकं काम दिलं, की आपण कसे दिसतो हा विचार गळून पडतो आणि हातपाय मोकळे होतात. शिकवणारा खेळ थांबवत नाही, बाजूनं हाक देत राहतो: समोर बघ, हाताकडे लक्ष दे. दशावतारातले पेटीवरचे बुवा मला हे वाचताना आठवत होते.

स्पोलिनबाईंचे चिरंजीव पॉल सिल्स. १९५५ मध्ये 'कंपास प्लेअर्स' आणि १९५९ मध्ये 'सेकंड सिटी' या मंडळ्या शिकागोत उभ्या राहिल्या, दोन्हींच्या उभारणीत ते होते. वस्तीतल्या पोरांचे खेळ विनोदी रंगभूमीवर आले, तिथून टीव्हीवर, तिथून व्यवस्थापनाच्या वर्गात. तिकडे लंडनमध्ये कीथ जॉन्स्टन स्वतंत्रपणे याच वाटेला लागले होते, पण तिथे १९६८ पर्यंत नाटकाची संहिता आधी सरकारदरबारी मंजूर करून घ्यावी लागे आणि जे अजून सुचलेलंच नाही ते मंजुरीला पाठवणार कसं? त्यांनी प्रयोगाला वर्ग म्हणून वेळ मारून नेली. समोरच्यानं टाकलेलं झेला, अडवू नका, ही त्यांची मुख्य शिकवण. शिकागोकडे तीच गोष्ट 'होय, आणि' या दोन शब्दांत सांगतात: समोरचा म्हणाला आपण बोटीत आहोत, तर आहोत, आणि बोटीला भोक पडलंय.

नागकन्या झाली, तर झाली. आणि मी गरुडाच्या कुळातला.

हिंजवडी, दुसरा मजला

हिंजवडीतल्या एका कंपनीत 'बदलाशी मैत्री' अशा नावाचं अर्ध्या दिवसाचं शिबिर होतं. बसायची परवानगी मिळाली ती कंपनीचं नाव न घेण्याच्या अटीवर. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, वीसेक माणसं गळ्यातल्या ओळखपत्रांसह गोल करून उभी. शिकवणारा तरुण पुरुषोत्तम करंडकाच्या वातावरणातून आलेला, उत्साही आणि कामात पक्का. त्यानं आधी दोघादोघांना सहलीचा बेत आखायला लावला. दुसऱ्यानं प्रत्येक वाक्याची सुरुवात 'हो, पण' नं करायची. "महाबळेश्वरला जाऊ." "हो, पण ट्रॅफिक असेल." "पहाटे निघू." "हो, पण मुलांची झोप." दोन मिनिटांत सगळ्या सहली बारगळल्या. नंतर तेच 'हो, आणि' नं. महाबळेश्वरची सहल उंटावरून प्रतापगडावर गेली आणि तिथे कोणाच्या तरी आत्याचं लग्न लागलं. हशा. मग गोलात एकेकानं एकेक शब्द टाकून गोष्ट सांगायची. इथे गंमत अशी की हुशार माणसं जास्त अडखळत होती. तीन जण अलीकडे असतानाच ती आपला शब्द ठरवून ठेवत आणि पाळी येईपर्यंत गोष्ट भलतीकडे गेलेली असे.

या खेळांत तथ्य आहे याबद्दल मला शंका राहिलेली नाही. आपण समोरच्याचं ऐकत नसतो, आपल्या उत्तराची वाट पाहत असतो, हे इतक्या झटकन दुसऱ्या कशानं कळत नाही. खटकलं ते चहाच्या सुट्टीत. चाचणी विभागातल्या एक बाई, पंचेचाळिशीच्या, बिस्किट चहात बुडवत म्हणाल्या, "आमचं अर्धं काम नव्या टूलकडे जातंय. टीम फोडणार आहेत. कोण कुठे जाणार ते कोणी सांगत नाही. आणि इथे शिकवतायत की जे येईल त्याला हो म्हणा."

त्यांचं म्हणणं मी शिबिर घेणाऱ्या तरुणापुढे ठेवलं. त्यानं टाळाटाळ केली नाही. रंगमंचावर 'हो' म्हणणं परवडतं कारण समोरचाही 'हो' म्हणणार हे ठरलेलं असतं, असं तो म्हणाला; तालमीत आम्ही महिनोन्‌महिने तेच पक्कं करतो. इथे त्याला चार तास मिळाले होते आणि ज्यांनी टीम फोडायचं ठरवलं ते साहेब गोलात उभेच नव्हते.

नेमकं हेच सुटतं. दशावतारातल्या राजाच्या तोंडून चुकीचं गेलं तेव्हा ते सावरायला राणी होती, बुवा होते, झांजेवरचा पोरगा धावत आत गेला होता. त्यांच्यापैकी कोणालाही राजाला उघडं पाडण्यात रस नव्हता, कारण नाटक पडलं तर सगळ्यांची नाइट पडते. ज्या कचेरीत चूक कबूल करणाऱ्याचं नाव वार्षिक मूल्यमापनात येतं, तिथे एकट्या माणसाला उत्स्फूर्त व्हायला सांगणं म्हणजे त्याला पडदा, पेटी आणि राणीशिवाय रंगमंचावर ढकलणं. तो भाषणच ठोकणार. शिकागोतल्या त्या बायकांनी पोरांना बदलाशी मैत्री करायला सांगितलं नव्हतं. त्यांनी आधी एक घर उघडलं, मग खेळ घेतले.

चार वाजता घरी जायचंय

या कौशल्याचा मला दिसलेला सगळ्यात खरा उपयोग ना रंगमंचावर होता ना कचेरीत. भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत असावेत असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक घरीच असतात. घरात रोज बदलणारं एक माणूस असतं आणि बाकीच्यांनी कालचंच वाक्य तयार ठेवलेलं असतं.

अमेरिकेत कॅरन स्टोबी या अभिनेत्रीनं घरात अल्झायमर आल्यावर रंगमंचावरचं 'होय, आणि' घरात आणलं आणि ते इतरांना शिकवायला घेतलं. शिकागोत तर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या अल्झायमर केंद्रानं आणि लुकिंगग्लास नाट्यसंस्थेनं मिळून, ज्यांची स्मृती नुकती जाऊ लागली आहे अशांचीच एक इम्प्रोव्ह मंडळी उभी केली. लक्षात ठेवायला वाक्यं नाहीत, म्हणून विसरण्याची भीती नाही. ही युक्ती मला फार आवडली.

पुण्यात एका सभागृहाच्या मागच्या खोलीत अशा घरांतली माणसं भेटतात. त्यातल्या एका सूनबाईंनी सांगितलेलं असं. सासूबाई रोज दुपारी चारच्या सुमाराला पिशवी भरायला घेतात. दोन पातळं, देवीचा फोटो, कधी टीव्हीचा रिमोट. घरी जायचंय. "आई, हेच घर. तुम्हीच बांधलंत," असं सांगून झालं, घराची कागदपत्रं दाखवून झाली. रडारड, एकदा दाराच्या कडीशी झटापट. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी उलट केलं. "जाऊ या. आधी चहा घेऊ. घरी कोण वाट बघतंय?" तर घर म्हणजे कऱ्हाडजवळचं माहेर निघालं आणि गाईची धार काढायची राहिली होती. सूनबाईंना वाटलं, जमलं. म्हणाल्या, "काळजी करू नका, मी काढून आले." सासूबाई उसळल्या. "तू? तुला ती अंगाला हात लावू देईल? लाथ घालेल!"

खोलीत सगळे हसले. पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते कुठल्याही शिबिरात ऐकायला मिळणार नाही. हो म्हणून लगेच प्रश्न मिटवायला गेलं की फसतं, कारण म्हातारीला प्रश्न मिटवायचाच नसतो. आता त्या विचारतात: गाय कुठल्या रंगाची, धारेला आधी काय लावायचं हाताला, वासरू कुठे बांधायचं. बोलता बोलता पाच वाजतात, पिशवी तशीच राहते. रोज नाही. चारातले दोन दिवस साधतं. एखाद्या दिवशी गाडी काढून चौकापर्यंत फिरवून आणावं लागतं, आणि ब्युरोची बाई आली नाही त्या दिवशी कसलाच खेळ चालत नाही, दोघी नुसत्या एकमेकींवर ओरडतात.

कोपऱ्यात एक निवृत्त मास्तर बसले होते. पत्नीला आजार होऊन सहा वर्षं झालेली. त्यांना हे पसंत नव्हतं. जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि आता बायकोशी खोटं बोलू? ती तिच्या बहिणीची वाट बघते. बहीण जाऊन बारा वर्षं झाली. येतेय म्हणून सांगायला त्यांची जीभ रेटत नाही. आणि गेली म्हणून सांगितलं की तिला दर वेळी पहिल्यांदाच कळतं. मग तुम्ही काय करता, असं कोणी विचारलं. "मी म्हणतो, आठवण आली ना? ती काय गायची गं? मग ती गाते." मास्तर हे जणू गुन्ह्याची कबुली दिल्यासारखं बोलले. भेट घडवून आणणाऱ्या बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, की यात एकही शब्द खोटा नाही. त्यावर वाद सुरू झाला. एक गृहस्थ म्हणाले, खोटं-खरं करायला वेळ आहे तुम्हाला, मला रात्री तीन वाजता पोलिसांना बोलवा म्हणणारा बाप आवरायचाय.

वाद मिटेना तेव्हा बाईंनी खेळ घ्यायचं ठरवलं. कोणी तरी रुग्ण व्हायचं, बाकीच्यांनी एकेक करून समोर बसायचं. रुग्ण व्हायला कोणी पुढे येईना. शेवटी मास्तरच उठले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुर्चीत असे बसले की सूनबाई चटकन सावरून बसल्या.

"लाइटबिल भरलं का?" मास्तरांनी विचारलं.

"भरलं, बाबा," रात्री तीनवाले गृहस्थ म्हणाले.

"कोणी सांगितलं भरायला? मीटर आपला नाहीच."

गृहस्थ गप्प. दुसऱ्या बाई बसल्या. त्यांनी पावती दाखवल्यासारखं केलं. मास्तरांनी ती खोटी ठरवली. तिसऱ्यानं परत मागून आणतो म्हटलं. मास्तर म्हणाले, तू कोण? मग सूनबाई समोर आल्या, खुर्ची थोडी जवळ ओढली.

"मीटर आपला नाही? मग कोणाचा आहे हो?"

मास्तरांचा चेहरा उजळला. खालच्या मजल्यावरचा तो लबाड भाडेकरू, त्यानं जिन्याखालून ओढलेली वायर, फ्यूज गेला त्या रात्रीचं भांडण, मंडळाचा वायरमन आणि त्यानं मागितलेले पाच रुपये, हे सगळं ते अगदी तारखेसकट सांगू लागले. सूनबाई मध्येच "मग?" एवढंच म्हणत होत्या. सभागृहाच्या शिपायानं दोनदा दारात येऊन किल्ल्या वाजवल्या, पुढचा कार्यक्रमवाला ताटकळत होता. बाईंनी मास्तरांना खेळ संपल्याचं सांगितलं, तर त्यांनी हातानंच थांबा म्हटलं. वायरमननं पाच रुपये घेऊनही तक्रार नोंदवली नव्हती, ते अजून सांगायचं राहिलं होतं.